बोक्याला पदक मिळालं, पण जहाज तिथं गेलंच कशाला होतं?

परवा रविवारी भाचीला एक जुना इंग्रजी युद्धपट दाखवला. ती सातवीत आहे. युद्धात तिला काडीचाही रस नाही, पण मांजर म्हटलं की कुठंही बसायला तयार. मी तिला सांगितलं की या पिक्चरमध्ये एक बोका आहे आणि तो खरोखर होऊन गेला. झालं, बाईसाहेब उशी घेऊन लॅपटॉपसमोर हजर.

पिक्चर 1957 चा, 'यांगत्से इन्सिडेंट'. दिग्दर्शक मायकल अँडरसन आणि कप्तानाच्या भूमिकेत रिचर्ड टॉड. याच जोडीने दोन वर्षं आधी 'द डॅम बस्टर्स' केला होता. (त्यातही एक प्राणी आहे, वैमानिकाचा काळा कुत्रा. त्याचं नाव आज तोंडातून काढता येत नाही, इतका तो वर्णद्वेषी शब्द आहे. तो विषय वेगळा.)

पिक्चर अर्ध्यावर आला असेल, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, ही नदी चीनची आहे ना? मग हे लोक तिथं कशाला गेले होते?"

मी म्हटलं, "थांब, पुढं बघ, कळेल." पुढं बघितलं. नाही कळलं. पिक्चरमध्ये तो प्रश्नच नाही.

आता माझी कबुली. दोनेक वर्षांपूर्वी मी याच भिंतीवर या बोक्याची गोष्ट लिहिली होती. जुन्या वाचकांना आठवत असेल. बदाम, डोळ्यांत पाणी, शेअरवर शेअर. मीही खूश. पण भाचीने पाऊण तासात विचारलेला प्रश्न तेव्हा ना मला सुचला, ना तुमच्यापैकी कुणाला. म्हणून ही दुसरी पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी बोक्याची गोष्ट, कारण ती खरी आहे आणि चांगलीही आहे.

मार्च 1948. हाँगकाँगच्या स्टोनकटर्स बेटावरच्या गोदीत एक हडकुळा काळा-पांढरा बोका एका सतरा वर्षांच्या ब्रिटिश खलाशाला सापडला. खलाशाचं नाव जॉर्ज हिकिनबॉटम. त्याने बोक्याला लपवून जहाजावर नेलं. जहाज म्हणजे 'एचएमएस ॲमेथिस्ट', ब्लॅक स्वान वर्गाची छोटी युद्धनौका. (याच वर्गाच्या काही नौका आपल्या नौदलाकडेही होत्या. गोव्याचे वाचक कान टवकारतील म्हणून सांगतो, डिसेंबर 1961 मध्ये मुरगावच्या बंदरासमोर जी 'आयएनएस कावेरी' होती, ती याच वर्गातली.)

बोक्याचं नाव पडलं सायमन. जहाजावर बोका पाळणं हा काही लाड नव्हता, ते काम होतं. लाकडी गलबतांपासून पोलादी युद्धनौकांपर्यंत प्रत्येक जहाजावर उंदीर असायचेच. ते धान्य खायचे, दोर कुरतडायचे, रोग पसरवायचे. मांजर हा त्यावरचा जुना आणि स्वस्त इलाज. ब्रिटिश नौदलाने जहाजांवर मांजरांना बंदी घातली ती थेट 1975 मध्ये, स्वच्छतेच्या कारणावरून. तर सायमन कामावर रुजू झाला. मारलेले उंदीर तो माणसांना आणून दाखवायचा. झोपायचा मात्र कप्तानाच्या टोपीत. कप्तान ग्रिफिथ्स यांनी त्याला लाडावून ठेवलं होतं. पुढं त्यांची बदली झाली आणि बर्नार्ड स्किनर आले. बोका त्यांच्याही केबिनमध्ये राहिला.

20 एप्रिल 1949. ॲमेथिस्ट शांघायहून यांगत्से नदीतून नानकिंगकडे निघाली होती. नानकिंग म्हणजे तेव्हाच्या चीनची राजधानी, च्यांग काय-शेकच्या राष्ट्रवादी सरकारची. तिथल्या ब्रिटिश वकिलातीच्या रक्षणासाठी एक युद्धनौका उभी असायची. तेव्हा 'कॉन्सर्ट' होती, तिची पाळी संपली म्हणून ॲमेथिस्ट चालली होती. नदीच्या उत्तर काठावर माओची लाल फौज, दक्षिण काठावर राष्ट्रवादी फौज. लाल फौजेने दिलेली मुदत त्याच दिवशी संपत होती आणि ती कुठल्याही क्षणी नदी ओलांडणार होती. अशा वेळी मधल्या पाण्यातून परदेशी झेंडा लावलेलं एक जहाज चाललेलं.

सकाळी उत्तर काठावरून तोफा सुरू झाल्या. पहिल्या काही गोळ्यांतच जहाजाचं सुकाणू गेलं, कप्तान स्किनर मरणप्राय जखमी झाले आणि जहाज रोझ नावाच्या बेटाजवळ गाळात रुतलं. पांढरं निशाण दाखवूनही मारा चालूच राहिला. एक गोळा कप्तानाच्या केबिनमधून आरपार गेला आणि तिथं सायमन होता. मिशा जळाल्या, तोंड भाजलं, अंगात लोखंडाचे तुकडे घुसले. नंतर ते काढले गेले, पण रात्रभरही टिकणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं.

कॉन्सर्ट नानकिंगहून मदतीला आली, मार खाऊन पुढं निघून गेली. दुसऱ्या दिवशी 'लंडन' आणि 'ब्लॅक स्वान' शांघायच्या बाजूने आल्या, त्याही मार खाऊन परतल्या. या चार जहाजांवर मिळून पंचेचाळीसच्या आसपास ब्रिटिश खलाशी मेले. 22 तारखेला नानकिंगच्या वकिलातीतला एक नौदल अधिकारी, जॉन केरन्स, जहाजावर पोचला आणि त्याने ताबा घेतला. पिक्चरचा नायक तो हाच.

मग सुरू झाली कोंडी. चिनी अधिकारी म्हणत, तुम्ही आधी गोळीबार केलात असं लिहून द्या, मग सोडतो. केरन्स म्हणे, नाही देत. असे दिवसामागून दिवस. मे गेला, जून गेला. यांगत्सेकाठचा उन्हाळा म्हणजे आपल्या मे महिन्यावर वरून ओलं फडकं टाकल्यासारखा. तेल वाचवायचं म्हणून इंजिनं बंद, म्हणजे पंखे बंद. खाली लोखंडाची भट्टी. शिधा अर्ध्यावर आला. आणि मोडक्या जहाजात, फुटलेल्या फळ्यांमधून उंदरांचं राज्य सुरू झालं. कोठारात शिरले, माणसं झोपायची तिथं फिरू लागले.

आणि इथं आपला बोका उठला. जखमा पुऱ्या भरल्या नव्हत्या, तरी कामाला लागला. त्यातला एक मोठा घुशीएवढा उंदीर खलाशांना फारच छळत होता. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं माओ त्से-तुंग. सायमनने तोही मारला, आणि खलाशांनी बोक्याला गमतीने बढती दिली. मी हे दोन वर्षांपूर्वी लिहिलं तेव्हा सगळ्यात जास्त हसण्याच्या खुणा याच वाक्यावर आल्या होत्या. उंदराला शत्रूच्या नेत्याचं नाव देणं ही सैनिकांची नेहमीची थट्टा आहे, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण मांजराची गोष्ट राजकारणाच्या बाहेरची असते असं आपल्याला वाटतं ना, म्हणून हा तपशील लक्षात ठेवा.

त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जहाजावरची कितीतरी पोरं अठरा-एकोणीस वर्षांची होती. शेजारच्या मित्राच्या चिंधड्या झालेल्या पाहिलेली. ती आजारी खोलीत पडून असायची, बोलायची नाहीत. बोका त्यांच्या बिछान्यावर जाऊन बसायचा. भाजलेल्या तोंडाचा, मिशा नसलेला बोका. तोही त्यांच्यासारखाच मार खाऊन उठलेला. आज आपण याला काहीतरी थेरपी म्हणू. तेव्हा नाव नव्हतं, पण उपयोग होत होता.

30 जुलैच्या रात्री केरन्सने जहाज पळवलं. आकार ओळखू येऊ नये म्हणून ताडपत्र्या बांधल्या, नांगराच्या साखळीचा आवाज होऊ नये म्हणून तिला ग्रीस आणि चिंध्या लावल्या, आणि नदीतून खाली चाललेल्या एका चिनी प्रवासी बोटीच्या मागोमाग निघाले. अंधारात, नदीचा वाटाड्या नाही, दोन्ही काठांवर तोफा, शंभर मैलांहून जास्त अंतर. पहाटे वूसुंगच्या किल्ल्यांचे सर्चलाइट चुकवून समुद्रात. 101 दिवसांची कोंडी संपली.

इंग्लंडमध्ये जल्लोष झाला. महायुद्ध जिंकलेला पण हातातून सगळं निसटत चाललेला तो देश. भारत दोन वर्षांपूर्वी गेला होता, पॅलेस्टाइन एक वर्षापूर्वी. घरात अजून रेशनिंग. अशा वेळी एक छोटं जहाज निसटून आलं, ही बातमी त्यांना किती गोड लागली असेल. आणि त्या जहाजावर एक जखमी बोका! सायमनला पत्रांचे इतके ढीग येऊ लागले की ती हाताळायला एक अधिकारी नेमावा लागला.

त्याला डिकिन पदक जाहीर झालं. पीडीएसए या प्राण्यांच्या मोफत दवाखान्यांच्या संस्थेने, म्हणजे तिच्या संस्थापिका मारिया डिकिन यांनी, 1943 मध्ये हे पदक सुरू केलं होतं. 1949 पर्यंत अशी 54 पदकं दिली गेली. 32 कबुतरं, 18 कुत्रे, 3 घोडे आणि 1 मांजर. ते एक मांजर म्हणजे सायमन. आजपर्यंत दुसरं नाही.

1 नोव्हेंबर 1949 ला जहाज प्लिमथला लागलं. माणसं घरी गेली आणि बोका गेला क्वारंटाइनमध्ये, कारण बाहेरून आलेल्या प्राण्याला सहा महिने वेगळं ठेवायचं असा तिथला कायदा. रेबीज येऊ नये म्हणून. वीरबिर कुणी असो, नियम तो नियम. पदकदानाचा समारंभ 11 डिसेंबरला ठरला होता. 28 नोव्हेंबरला सायमन तिथंच मेला. आजारी पडला, आणि जुन्या जखमांनी पोखरलेल्या शरीराला ते झेपलं नाही. पूर्व लंडनमध्ये इलफर्डला त्याची कबर आहे. छोट्या शवपेटीवर युनियन जॅक पांघरला होता.

तर ही गोष्ट. मी गेल्या वेळी इथं थांबलो होतो. भाची थांबली नाही.

ते तिथं कशाला गेले होते?

ताबडतोबीचं उत्तर मी वर दिलं आहे, वकिलातीचं रक्षण. आणि ते खोटं नाही. त्या वेळी जे सरकार जगाने मान्य केलेलं होतं, म्हणजे राष्ट्रवादी सरकार, त्याची या जहाजांना हरकत नव्हती. पण भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपल्या वकिलातीसाठी आपलं जहाज होतं का तिथं?" नव्हतं. तेव्हा नानकिंगमध्ये आपले राजदूत होते सरदार के. एम. पणिक्कर, इतिहासाचे मोठे अभ्यासक. लाल फौज शहरात शिरली तेव्हा ते तिथंच होते. त्यांच्या दाराशी कुठली युद्धनौका उभी नव्हती. मग ब्रिटिशांनाच नदीत दोनशे मैल आत युद्धनौका ठेवण्याची सवय कुठून लागली?

त्यासाठी 1842 मध्ये जावं लागतं. आणि गंमत बघा, तो रस्ता मुंबईवरून जातो.

पहिलं अफूचं युद्ध. ब्रिटिश व्यापारी हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये विकत होते. बंगालची अफू कलकत्त्याहून, माळव्याची मोठ्या प्रमाणावर मुंबईहून. मुंबईच्या कितीतरी सेठियांच्या हवेल्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाईंचं नाव आपण रुग्णालयामुळे आणि कलाशाळेमुळे रोज घेतो. त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातला, आणि त्या व्यापारात अफू होती. चीनच्या बादशहाने अफू बंद करायला काढली, साठे नष्ट केले, आणि ब्रिटनने युद्ध पुकारलं. 1842 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश आरमार यांगत्सेमध्ये शिरलं. जुलैमध्ये झेनजियांग शहर घेतलं. त्या युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई ती. पराभव दिसताच तिथल्या मांचू सैनिकांनी बायकापोरांना मारून स्वतःला संपवलं. शहर घेणाऱ्या फौजेत गोऱ्यांबरोबर मद्रासच्या पलटणीही होत्या. म्हणजे आपलेच लोक, पगारावर.

1949 मध्ये ॲमेथिस्टवर तोफा डागल्या गेल्या तो नदीचा पट्टा याच झेनजियांगच्या जवळचा.

झेनजियांग पडल्यावर बादशहाने हात टेकले. 29 ऑगस्ट 1842 ला नानकिंगचा तह झाला. तहावर सह्या कुठं झाल्या? नदीत नांगरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर, 'एचएमएस कॉर्नवॉलिस'वर. आणि ही कॉर्नवॉलिस बांधली होती मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडिया या आपल्या पारशी कारागिराने, सागवानात. 1813 मध्ये ती पाण्यात सोडली गेली. फोर्टातल्या लायन गेटवरून कधी गेलात तर आतल्या त्या जुन्या गोदीकडे बघा. चीनच्या इतिहासाची पुस्तकं ज्या शंभर वर्षांना अपमानाचं शतक म्हणतात, त्याची सुरुवात ज्या डेकवर झाली तो डेक तिथं बांधला गेला.

त्या तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेलं. पुढं दुसरं अफूचं युद्ध झालं, 1858 च्या तिआनजिनच्या तहाने यांगत्से परदेशी जहाजांना खुली झाली, युद्धनौकांनाही. 1860 मध्ये कौलून आणि त्याच्या पलीकडचं स्टोनकटर्स बेट ब्रिटिशांना मिळालं. स्टोनकटर्स! आपला सायमन जिथं सापडला ते बेट. तिथं ब्रिटिश गोदी होती म्हणून तिथं बोका होता, आणि बोका एका ब्रिटिश जहाजावर चढू शकला. त्याला बिचाऱ्याला तहाबिहाचं काय. पण त्याची गोष्ट या सगळ्यातूनच सुरू होते.

मग जवळजवळ एक शतक यांगत्सेवर परदेशी तोफनौका फिरत राहिल्या. ब्रिटिश, अमेरिकन, फ्रेंच, जपानी. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र झाल्यावर जानेवारी 1943 मध्ये ब्रिटनने चीनमधले आपले विशेष हक्क सोडल्याचा करार केला. कागदावर ते संपलं. त्यानंतर सहा वर्षांनी ॲमेथिस्ट नदीत होती ती जुन्या हक्काने नाही, परवानगीने. पण काठावरच्या तोफवाल्या शेतकरी पोराला हा कायदेशीर फरक कोण समजावणार? त्याच्या आजोबापासून सगळ्यांनी या नदीत परदेशी तोफाच पाहिलेल्या.

30 एप्रिल 1949 ला लाल फौजेच्या मुख्यालयाने एक निवेदन काढलं. ते माओने लिहिलेलं. त्याच्या चार दिवस आधी लंडनच्या संसदेत विरोधी पक्षनेते चर्चिल यांनी चीनकडे विमानवाहू जहाजं पाठवा अशी मागणी केली होती, तिला हे उत्तर होतं. निवेदनाप्रमाणे ब्रिटिश तोफांनी लाल फौजेचे 252 लोक मेले किंवा जखमी झाले. आणि निवेदनाचा मुख्य सवाल हाच होता की चीनच्या आतल्या नदीत ब्रिटिश युद्धनौकांचं काम काय. म्हणजे माझ्या भाचीचा प्रश्न. ती माओवादी नाही, तिला फक्त बोक्याची काळजी होती. प्रश्न इतका साधा आहे की सातवीतल्या मुलीलाही पडतो, आणि एका आख्ख्या पिक्चरला पडत नाही.

आता कुणी लगेच कॉमेंटमध्ये लिहील की म्हणजे तुम्ही चीनची बाजू घेता. थांबा, घाई नको. चीनच्या बाजूनेही एक खोटं चाललं होतं आणि ते जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. केरन्सला शंभर दिवस ज्या एका वाक्यासाठी अडवून ठेवलं, 'आम्ही आधी गोळीबार केला', ते वाक्य खरं नव्हतं. त्या भागातल्या लाल फौजेचे सेनापती ये फेई यांनी 1988 मध्ये मान्य केलं की पहिला गोळीबार त्यांच्याच सैनिकांनी केला होता. हे ये फेई मधल्या काळात चीनच्या नौदलाचे प्रमुखही होऊन गेले होते. म्हणजे खरं काय ते माहीत असलेला माणूस सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत पोचला आणि निवृत्तीनंतर बोलला. आणि माओबद्दल तर काय सांगावं. परदेशी तोफांना जाब विचारणाऱ्या त्याच माणसाच्या धोरणांनी पुढं दहा-बारा वर्षांत कोट्यवधी चिनी शेतकरी उपासमारीने मेले. तेव्हा नदीत एकही परदेशी जहाज नव्हतं.

तर दोन्हीकडे एकेक गोष्ट तयार झाली. एकीकडे शूर जहाज आणि शूर बोका, दुसरीकडे साम्राज्यवाद्यांना हाकलणारी जनता. दोन्ही गोष्टींत जे मावत नाही ते खाली पडलं.

काय पडलं ते सांगतो, कारण ही पोस्ट लिहायला बसलो ते खरं यासाठी.

मी वर लिहिलं ना, ॲमेथिस्ट एका चिनी प्रवासी बोटीच्या मागोमाग निघाली? गेल्या वेळीही मी ते एका ओळीत लिहून पुढं गेलो होतो. त्या बोटीचं नाव 'जिआंगलिंग लिबरेशन'. तिच्यावर साधी माणसं होती. गृहयुद्ध नुकतंच सरकलेल्या मुलखात घरी, नातेवाइकांकडे, धंद्याला निघालेली. तिच्या मागे अंधारात एक युद्धनौका लागली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. काठावरच्या तोफांना संशय आला, गोळीबार सुरू झाला, ॲमेथिस्टनेही उलटा मारा केला, आणि मध्ये सापडलेली ती बोट पेटून बुडाली. चिनी सरकार म्हणालं ब्रिटिशांनी बुडवली, आडोसा म्हणून वापरली. ब्रिटिश म्हणाले काठावरच्या तोफांनी बुडवली. वाद गोळा कुणाचा यावर झाला. पुढं नदीत आणखी खाली अंधारात एक चिनी शिडाची होडी ॲमेथिस्टच्या वाटेत आली. जहाज थांबू शकत नव्हतं. होडीचे दोन तुकडे करून ते पुढं गेलं. होडीवर एखादं कुटुंब असणार, त्या होड्यांवर लोक संसारच करत.

केरन्सच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. त्याच्यावर त्याच्या पोरांची जबाबदारी होती. तो काही राक्षस नव्हता. त्याला पदक मिळालं, पुढं 1959 मध्ये तो हुजूर पक्षाकडून खासदार झाला, एक मुदत काढली आणि राजकारणातून बाहेर पडला. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. माझी तक्रार माझ्याबद्दल आहे. मी बोक्याच्या अंगातले लोखंडाचे तुकडे मोजून लिहिले होते, आणि आख्खी प्रवासी बोट एका अर्धविरामात संपवली होती. मी वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांत त्या बोटीचं नाव येतं, माणसांची नावं येत नाहीत. बोक्याची कबर मात्र गल्लीसकट सापडते.

मला बोक्याचा राग नाही बरं का. उलट या सगळ्यात एकच जण असा आहे की ज्याने कुणाची बाजू घेतली नाही. त्याने उंदीर मारले आणि घाबरलेल्या पोरांच्या पायाशी बसला. पण त्याच्याकडे बघून आपले डोळे ओले होतात आणि ओल्या डोळ्यांना मागचं दिसत नाही. हे सरकारांना, लष्करांना आणि पिक्चरवाल्यांना चांगलं माहीत असतं. आपल्याकडेही बघा. आपत्ती आली की दुसऱ्या दिवशी जवानाच्या कडेवरचं कुत्र्याचं पिल्लू असा फोटो फिरतो. जवान खरा असतो, पिल्लू खरं असतं, माया खरी असते. धरणाचे दरवाजे कुणी आणि कधी उघडले हा प्रश्न तेवढा दोन दिवस मागे पडतो. तो फोटो मीही शेअर केलेला आहे.

(आणि एक. 'बिस्मार्क' बुडाल्यावर वाचलेला, मग आणखी दोन ब्रिटिश जहाजं बुडाल्यावरही वाचलेला 'अनसिंकेबल सॅम' नावाचा बोका व्हॉट्सॲपवर फिरत असतो. ती गोष्ट कितपत खरी याबद्दल अभ्यासकांनाच दाट शंका आहे. मला पाठवू नका. सायमन मात्र खरा, त्याचे फोटो आहेत, पदक आहे.)

राहता राहिला पिक्चर. त्याची एक गंमत सांगून थांबतो. शूटिंगसाठी त्यांनी खरी ॲमेथिस्टच आणली होती. तोवर ती निवृत्त होऊन भंगाराची वाट बघत उभी होती. यांगत्से म्हणून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑरवेल आणि स्टोअर या नद्या दाखवल्या. काठावर तोफा मांडल्या. अडचण एकच झाली, ॲमेथिस्टची इंजिनं चालत नव्हती. म्हणून जहाज चालतानाची दृश्यं 'मॅगपाय' नावाच्या तिच्या जुळ्या बहिणीवर घेतली. ही मॅगपाय म्हणजे राणीचे पती प्रिन्स फिलिप कधीकाळी जिचे कप्तान होते ती. खुद्द केरन्स सल्लागार म्हणून हजर. आणि शूटिंगसाठी लावलेल्या सुरुंगांनी खऱ्या ॲमेथिस्टला पुन्हा एकदा नुकसान झालं! चिनी तोफांतून जी वाचून आली, तिला शेवटी सिनेमावाल्यांनी भोक पाडलं.

1957 च्या वसंतात पिक्चर थिएटरात लागला. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा प्लिमथला त्या जहाजाचं पोलाद तोडायचं काम चालू होतं.

भाचीला मी त्या प्रवासी बोटीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बोटीवर पण मांजर असेल ना मामा? उंदीर तर सगळ्याच बोटींवर असतात."